नौकेचा दृष्टान्त आणि पृथ्वीचे भ्रमण : गतीच्या प्रत्ययाचा एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

पुण्याच्या अक्षांशावर उभा असलेला मनुष्य पृथ्वीच्या दैनंदिन भ्रमणामुळे दर सेकंदाला सुमारे ४४० मीटर वेगाने पूर्वेकडे जात असतो. या गतीची जाणीव मात्र त्याला आयुष्यात एकदाही होत नाही. याउलट स्थानकात उभ्या असलेल्या आगगाडीच्या खिडकीतून शेजारची गाडी सरकताना दिसली की आपलीच गाडी सुटली, असे त्याला क्षणभर निश्चितपणे वाटते. खरी गती जाणवत नाही आणि जाणवते ती गती खरी नसते, ही विसंगती मानवाच्या नित्य अनुभवातील आहे. भौतिकशास्त्रात तिचा विचार निर्देशचौकटीच्या संकल्पनेद्वारे केला जातो. ही संकल्पना आज पाठ्यपुस्तकात दोन परिच्छेदांत आटोपते. परंतु तिच्यामागे सुमारे दीड हजार वर्षांचा वाद आहे, आणि त्या वादाचा एक महत्त्वाचा अध्याय भारतीय ज्योतिषग्रंथांत लिहिला गेला आहे.

आर्यभटाने पृथ्वीचे भ्रमण कोपर्निकसच्या हजार वर्षे आधी सांगितले, हे विधान आपल्याकडे वारंवार केले जाते. विधान ढोबळ मानाने खोटे नाही. मात्र ते एवढ्यावरच थांबते तेव्हा दोन प्रश्न अनुत्तरित राहतात. हे मत एवढे योग्य होते, तर वराहमिहिर, ब्रह्मगुप्त, लल्ल आणि भास्कराचार्य यांच्यासारख्या प्रथम श्रेणीच्या गणितज्ञांनी ते का नाकारले? आणि आर्यभटाच्या नौकेच्या दृष्टान्तात नेमके काय सिद्ध होते व काय सिद्ध होत नाही? प्रस्तुत लेखात या दोन प्रश्नांचा मागोवा घेतला आहे. विरोधकांना केवळ सनातनी किंवा भित्रे ठरविण्याची प्रथा रूढ आहे. त्यांचे आक्षेप नीट वाचले असता ती टिकत नाही, असे दिसून येते.

नावाड्याची दृष्टी

आर्यभटाचा जन्म इ.स. ४७६ चा. वयाच्या तेविसाव्या वर्षी, म्हणजे शके ४२१ (इ.स. ४९९) मध्ये, त्याने आपला 'आर्यभटीय' हा ग्रंथ कुसुमपूर येथे सिद्ध केला. कुसुमपूर म्हणजे आजचे पाटणा, असे सामान्यतः मानले जाते. ग्रंथाच्या गोलपादातील नवव्या आर्येत नौकेचा दृष्टान्त येतो. त्याचा आशय असा की, प्रवाहाबरोबर पुढे जाणाऱ्या नौकेत बसलेल्या मनुष्याला तीरावरील स्थिर वस्तू ज्याप्रमाणे मागे जाताना दिसतात, त्याप्रमाणे लंकेतील निरीक्षकाला स्थिर तारे नेमके पश्चिमेकडे जाताना दिसतात. येथील लंका ही रामायणातील लंका नव्हे. सिद्धान्तग्रंथांत उज्जयिनीची मध्याह्नरेषा विषुववृत्ताला जेथे छेदते त्या कल्पित स्थळाला हे नाव आहे. तारे क्षितिजाला काटकोनात, सरळ वर उगवून सरळ खाली मावळताना विषुववृत्तावरच दिसतात. म्हणून दृष्टान्तातील नौकेची सरळ रेषेतील गती आणि आकाशाची भासमान गती यांचे साम्य त्या ठिकाणीच निर्दोष होते. आर्यभटाने स्थळ किती विचारपूर्वक निवडले आहे, हे यावरून लक्षात यावे.

केवळ दृष्टान्त असता तर तो काव्यालंकार म्हणून सोडून देता आला असता. परंतु ग्रंथाच्या प्रारंभीच्या गीतिकापादात ग्रहांच्या युगातील भगणांची यादी दिली आहे आणि त्या यादीत पृथ्वीचाही समावेश आहे. एका महायुगात सूर्याचे भगण ४३,२०,००० आणि पृथ्वीचे पूर्वाभिमुख भगण १,५८,२२,३७,५०० असे आकडे तेथे येतात. या दोन संख्यांवरून नाक्षत्र दिनाचे मान काढल्यास ते २३ तास ५६ मिनिटे ४.१ सेकंद इतके येते. आधुनिक मानाशी हा आकडा सेकंदाच्या अंशापर्यंत जुळतो. भगणांच्या कोष्टकात पृथ्वीला ग्रहांच्या पंक्तीत बसविणे, हे दृष्टान्तापेक्षा अधिक धाडसाचे कृत्य म्हटले पाहिजे.

तथापि लगेच पुढच्या, म्हणजे दहाव्या आर्येत आर्यभट निराळेच सांगतो. प्रवह नावाच्या वायूने प्रेरित झालेला, ग्रहांसह असलेला नक्षत्रगोल पश्चिमेकडे फिरतो व त्यामुळे उदयास्त घडतात, असा तेथील आशय आहे. दोन लागोपाठच्या आर्यांत दोन परस्परविरोधी चित्रे का आली, यावर भाष्यकारांनी आणि आधुनिक संशोधकांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. आर्यभटाने प्रचलित मत केवळ नोंदविले, असे काही म्हणतात; पहिले मत भासाचे व दुसरे सत्याचे, असे परंपरागत भाष्यकार म्हणतात. तिसरी शक्यताही विचारात घेण्यासारखी आहे. गणनेच्या दृष्टीने दोन्ही वर्णने समतुल्य आहेत. पृथ्वी पूर्वेकडे फिरली काय किंवा आकाश पश्चिमेकडे फिरले काय, उदयास्ताच्या वेळा, छायेची लांबी, ग्रहणाचा क्षण यांपैकी कशातही पळाचा फरक पडत नाही. ज्या ग्रंथकाराला गणित करून दाखवायचे आहे, त्याला दोन्ही वर्णने शेजारी ठेवताना संकोच वाटला नसेल. हा अर्थ मान्य केल्यास निर्देशचौकटींच्या समतुल्यतेची कल्पना, नाव न देता, त्या दोन आर्यांत उपस्थित आहे असे म्हणता येईल. मात्र भगणांचे कोष्टक पाहता आर्यभटाचा स्वतःचा कल कोणीकडे होता, याविषयी संशय राहू नये.

घरट्याकडे परतणारा पक्षी

आर्यभटाच्या मतावरील आक्षेप त्याच शतकात सुरू झाले. वराहमिहिराच्या 'पंचसिद्धान्तिके'त भ्रमणवादी मताचा उल्लेख करून दोन हरकती घेतल्या आहेत. पृथ्वी फिरत असेल, तर आकाशात उडालेले श्येनादी पक्षी पुन्हा आपल्या घरट्याशी कसे पोहोचतात? आणि भ्रमणाच्या वेगाने ध्वज सदैव पश्चिमेकडेच फडकत राहिले पाहिजेत, ते तसे का फडकत नाहीत? वेग मंद म्हणावा, तर एका दिवसात फेरा पुरा कसा होतो? सातव्या शतकात ब्रह्मगुप्ताने 'ब्राह्मस्फुटसिद्धान्ता'त (इ.स. ६२८) उंच वस्तू कोसळत का नाहीत, अशी विचारणा केली. आठव्या शतकातील लल्लाने पक्ष्यांच्या घरट्यांबरोबर वर सोडलेल्या बाणाचा आणि ढगांचा मुद्दा मांडला: बाण पश्चिमेला पडावा आणि ढग एकट्या पश्चिमेकडेच जावेत. विशेष म्हणजे लल्ल हा गणिताच्या बाबतीत आर्यभटाचाच अनुयायी होता. त्याने गुरूची मूल्ये स्वीकारली आणि गुरूची फिरणारी पृथ्वी टाकून दिली.

या आक्षेपांत श्रुतिस्मृतींचा आधार घेतलेला नाही, हे प्रथम ध्यानात घ्यावे. ते पक्षी, निशाण, बाण आणि ढग यांविषयी आहेत. म्हणजे निरीक्षणाविषयी आहेत. दुसरे असे की, या आक्षेपांना नौकेचा दृष्टान्त उत्तर देत नाही. नौकेचा दृष्टान्त डोळ्यांविषयी आहे. स्थिर वस्तू चल का दिसते, एवढेच तो स्पष्ट करतो. आक्षेपकांचा प्रश्न दिसण्याचा नाही, घडण्याचा आहे: पायाखालची जमीन एवढ्या वेगाने सरकत असता जमिनीपासून सुटलेली वस्तू मागे का राहत नाही? यासाठी दृश्यमान गतीच्या विचारापलीकडे जाऊन गतीच्या कारणांचा विचार करावा लागतो, आणि आर्यभटीयात त्याची सामग्री नाही. आक्षेपकांनी नेमक्या कमकुवत जागी बोट ठेवले होते.

हीच गोष्ट अलेक्झांड्रियात तीन-चार शतके आधी घडून गेली होती. दुसऱ्या शतकातील टॉलेमीने 'अल्माजेस्ट'च्या पहिल्या खंडात पृथ्वीच्या भ्रमणाचे मत विचारात घेतले आहे. ताऱ्यांच्या दृश्य गतीपुरते पाहिले तर या मताविरुद्ध कदाचित काही सांगता येणार नाही, हे तो मोकळेपणाने मान्य करतो. त्याची अडचण हवेतील घटनांची आहे. ढग आणि उडणाऱ्या किंवा फेकलेल्या वस्तू पूर्वेकडे जाताना कधीच दिसणार नाहीत, कारण पृथ्वी त्यांना नेहमी मागे टाकील. हवाही पृथ्वीबरोबर फिरते असे मानले, तर हवेतील वस्तू तरी मागे पडतील. आणि त्याही हवेशी जखडलेल्या आहेत असे मानले, तर त्यांना स्वतःची गती राहणार नाही. हे मुद्दे भारतात ग्रीकांकडून आले की स्वतंत्रपणे सुचले, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. दोन्हीकडे विचारवंत एकाच पायरीवर अडले, हे येथे महत्त्वाचे.

भारतीय परंपरेत आर्यभटाच्या बाजूने उभा राहिलेला एक आवाज नवव्या शतकातील पृथूदकस्वामीचा आहे. ब्रह्मगुप्ताच्या ग्रंथावर टीका लिहिताना त्याने मूळ ग्रंथकाराशीच मतभेद नोंदविला. ग्रहांना एकाच वेळी पूर्वेकडे व पश्चिमेकडे अशा दोन गती असू शकत नाहीत, म्हणून आर्यभटाचे मत त्याला समाधानकारक वाटते. उंच वस्तू कोसळण्याच्या आक्षेपाला त्याचे उत्तर असे की, पृथ्वीवर द्रष्टा जेथे उभा असेल ते स्थान त्याच्यापुरते सर्वांत वरचे असते. मग पडायचे ते कोठे? उत्तर मार्मिक आहे. 'वर' आणि 'खाली' या शब्दांना द्रष्ट्याचा संदर्भ असतो, ही जाणीव त्यात स्पष्ट आहे. परंतु पक्षी आणि बाण यांचा प्रश्न तेथेही शिल्लकच राहतो.

इ.स. १०३० च्या सुमारास अल्-बिरूनीने भारतविषयक आपल्या ग्रंथात या वादाची नोंद घेतली. पृथ्वीचे भ्रमण मानल्याने ज्योतिषाच्या गणनेला काहीच बाध येत नाही, दृश्य घटनांची संगती दोन्ही मतांनी सारखीच लागते, असा त्याचा अभिप्राय आहे. निर्णय करण्यास कठीण अशा प्रश्नांत तो याची गणना करतो. खगोलगणित या वादाचा निकाल देऊ शकत नाही, हे इतक्या स्वच्छपणे सांगणारा तो मध्ययुगातील मोजक्या लेखकांपैकी एक होय. पुढे बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी'त (इ.स. ११५०) पृथ्वी स्वतःच्या शक्तीने आकाशात निराधार स्थिर असल्याचे प्रतिपादिले, आणि भारतातील शिकवणुकीत तेच मत दृढ झाले.

गलबताच्या पोटात

युरोपातही नौका पुन्हा अवतरली. चौदाव्या शतकात निकोल ओरेम याने १३७७ च्या आपल्या फ्रेंच भाष्यात चालत्या जहाजातील मनुष्याचे उदाहरण घेतले. जहाजातील वस्तू जहाजाच्या गतीत सहभागी असतात, त्याचप्रमाणे वर सोडलेला बाण पृथ्वीच्या गतीत सहभागी असेल, असे त्याने सुचविले. अनुभवाने हा वाद सुटणार नाही, येथवर येऊन अखेरीस त्याने पृथ्वी स्थिर असल्याचे मत धर्मग्रंथाच्या आधारे स्वीकारले. कोपर्निकसने १५४३ च्या ग्रंथात व्हर्जिलच्या महाकाव्यातील बंदर सोडणाऱ्या जहाजाचा दाखला दिला. तो दाखला आर्यभटाच्या दृष्टान्ताप्रमाणे पुन्हा डोळ्यांचाच होता. टायको ब्राहेने तोफेचा प्रश्न उभा केला: पूर्वेकडे व पश्चिमेकडे सारख्याच शक्तीने मारलेले गोळे सारख्याच अंतरावर का पडतात? पक्ष्याच्या जागी तोफगोळा आला, एवढाच काय तो फरक.

या कोंडीतून वाट काढण्याचे श्रेय गॅलिलिओला द्यावे लागते. १६३२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'संवादा'त त्याने निरीक्षकाला डेकवरून खाली, जहाजाच्या पोटातील बंद खोलीत नेले. तेथे माश्या व फुलपाखरे उडत आहेत, भांड्यात मासे पोहत आहेत, टांगलेल्या पात्रातून पाण्याचे थेंब खालच्या अरुंद तोंडाच्या भांड्यात पडत आहेत. जहाज उभे असो वा एकसारख्या वेगाने चालत असो, या सर्व क्रियांत तिळमात्र फरक होत नाही. खिडकी बंद केली की गती ओळखण्याचे साधनच उरत नाही. आर्यभटाच्या नावाड्याला तीर दिसत होता. गॅलिलिओच्या प्रवाशाला तीर दिसत नाही. एकाने बाहेर पाहून भ्रम कसा होतो ते सांगितले, दुसऱ्याने आत पाहून गती का जाणवत नाही ते सांगितले. घरट्याकडे परतणाऱ्या श्येनाला उत्तर मिळाले ते या दुसऱ्या नौकेत. पक्षी घरट्यातून उडतो तेव्हा पृथ्वीची गती त्याच्या अंगी अगोदरच असते. ती त्याला टाकून द्यावी लागत नाही आणि पुन्हा मिळवावीही लागत नाही. हवाही त्याच गतीने चालत असते, म्हणून निशाणही शांत राहते.

१६४० मध्ये पिएर गासांदीने मार्सेय येथे वेगाने वल्हविल्या जाणाऱ्या गलबताच्या डोलकाठीवरून दगड सोडण्याचा प्रयोग करविला. दगड डोलकाठीच्या पायथ्याशीच पडला. भारतीय आक्षेपकांपुढे असा प्रयोग झाला असता तर त्यांनी काय म्हटले असते, याची कल्पना करण्याचा मोह होतो. गंगेवर नौका होत्या, कोकणच्या किनाऱ्यावर गलबते होती, डोलकाठ्याही होत्या. प्रयोग अवघड नव्हता; प्रश्न त्या रूपात विचारला गेला नाही.

बाण पश्चिमेला पडतो काय?

गॅलिलिओचे उत्तर संपूर्ण होते असे मात्र नव्हे. त्याचे जहाज शांत पाण्यावर समान वेगाने जाते, पृथ्वी फिरते. फिरणारी चौकट ही सरळ चालणाऱ्या चौकटीसारखी नसते. हा भेद हळूहळू लक्षात आला. १६७९ मध्ये न्यूटनने हूकला लिहिलेल्या पत्रात उंचावरून सोडलेली वस्तू पश्चिमेला तर नाहीच, उलट किंचित पूर्वेला पडावी, असे सुचविले. कारण मनोऱ्याच्या माथ्याचा वेग पायथ्याहून जास्त असतो. १८३१ मध्ये फर्डिनांड राइश याने जर्मनीतील फ्रायबर्ग येथील खाणीत सुमारे १५८ मीटर खोल गोळे सोडून हे मोजले. सरासरी विचलन पूर्वेकडे सुमारे २८ मिलिमीटर भरले. १८३५ मध्ये कोरिऑलिसने फिरत्या चौकटीतील गतीचे गणित मांडले आणि १८५१ मध्ये फूकोने पॅरिसच्या पॅंथिऑनमध्ये ६७ मीटर लांबीचा लंबक टांगून पृथ्वीचे भ्रमण खिडकी न उघडता, केवळ खोलीच्या आत, दाखवून दिले. त्याच्या आंदोलनाचे प्रतल पॅरिसमध्ये तासाला सुमारे ११ अंश फिरते, पुण्यात ते पावणेपाच अंशांच्या आसपास फिरेल आणि विषुववृत्तावर मुळीच फिरणार नाही. आर्यभटाच्या लंकेत नौकेचा दृष्टान्त सर्वांत चांगला लागू पडतो, पण फूकोचा लंबक तेथे निरुपयोगी ठरतो, हा योगायोग नमूद करण्याजोगा आहे.

या नव्या गणिताच्या प्रकाशात लल्लाचा बाण पुन्हा तपासला तर एक अनपेक्षित गोष्ट हाती येते. सरळ वर सोडलेली वस्तू खरोखरच पश्चिमेला पडते. सेकंदाला ५० मीटर वेगाने पुण्याच्या अक्षांशावर सरळ वर सोडलेला बाण, हवेचा विरोध नाही असे मानल्यास, सुमारे १२७ मीटर उंच जाऊन दहा सेकंदांनी खाली येईल आणि सुटलेल्या जागेच्या सुमारे १२ सेंटिमीटर पश्चिमेला पडेल. लल्लाच्या तर्कानुसार तो जवळजवळ साडेचार किलोमीटर पश्चिमेला पडायला हवा होता. दिशा बरोबर होती, परिमाण चुकले होते. बारा सेंटिमीटरचा फरक वाऱ्याच्या एका झुळकेत लपून जातो. तेव्हा बाण जागच्या जागी पडतो हे निरीक्षण व्यवहारतः योग्यच होते. त्यावरून काढलेला निष्कर्ष तेवढा चुकीचा होता. आक्षेपकांचा प्रश्न मूर्खपणाचा नव्हता. तो प्रश्न पुरेशा बारकाईने विचारला गेला तेव्हा त्यातूनच भ्रमणाचा पुरावा मिळाला.

शरीराची साक्ष

भ्रमणाचा स्वीकार एवढा कठीण का गेला, याचे एक कारण मानवी शरीराच्या रचनेत आहे. ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उलगडले. भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट माख यांनी १८७५ मध्ये गतिसंवेदनांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. आगगाडी वळणावरून जात असता घरे व झाडे तिरपी का दिसतात, या साध्या अनुभवातून त्यांचे कुतूहल जागृत झाले होते. फिरत्या खुर्चीवरील प्रयोगांतून त्यांनी दाखविले की, मनुष्याला वेगाची संवेदना होत नाही, वेगातील बदलाची होते. कानाच्या आतील अर्धवर्तुळाकार नलिकांतील द्रव हे त्याचे साधन होय. व्हिएन्नाचे योझेफ ब्रॉयर आणि स्कॉटलंडचे अलेक्झांडर क्रम ब्राऊन हेही त्याच सुमारास स्वतंत्रपणे या निष्कर्षाप्रत आले. डोळे बांधून एकसारख्या वेगाने फिरविलेल्या मनुष्याला थोड्याच वेळात आपण थांबलो आहोत असे वाटू लागते. आणि खुर्ची खरोखर थांबविली की आपण उलट दिशेने फिरत आहोत अशी त्याची खात्री पटते. जत्रेतील फिरत्या पाळण्यातून उतरलेल्या मुलाला हे प्रयोगाविना ठाऊक असते.

पृथ्वी तासाला १५ अंश, म्हणजे सेकंदाला अंशाच्या अडीचशेव्या भागाहूनही थोडी अधिक, एवढ्या मंद आणि एकसारख्या कोनीय गतीने फिरते. आंतरकर्णाची संवेदनक्षमता याच्या जवळपासही पोहोचत नाही. वराहमिहिराने म्हटले होते की वेग मंद असेल तर दिवसात फेरा पुरा होणार नाही. प्रत्यक्षात भ्रमण एकाच वेळी मंदही आहे आणि वेगवानही: कोनाच्या हिशेबाने मंद, पृष्ठभागावरील अंतराच्या हिशेबाने वेगवान. शरीराला ते जाणवत नाही, कारण ते मंद आहे आणि बदलतही नाही.

डोळ्यांच्या बाबतीत मानसशास्त्रज्ञ कार्ल डुंकर यांनी १९२९ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग महत्त्वाचे आहेत. अंधारात प्रकाशाचा ठिपका स्थिर ठेवून त्याभोवतीची चौकट सरकविली असता पाहणाऱ्याला चौकट स्थिर व ठिपका चालता दिसतो. जे भोवताली वेढून असते त्याला मन स्थिर मानते आणि वेढलेल्या वस्तूला गती देते. पावसाळ्याच्या अखेरीस ढगांतून धावणारा चंद्र सर्वांनी पाहिलेला असतो. याच न्यायाने पायाखालची भूमी ही मनाची मूळ चौकट बनते. स्थिर भूमीचा सिद्धान्त मांडणाऱ्यांनी इंद्रियांचा कौल मान्य केला होता. आणि तो कौल देण्यापलीकडे इंद्रियांना काही करता येण्यासारखे नव्हते.

एका अक्षराचा प्रवास

या वादाची एक खूण खुद्द आर्यभटीयाच्या संहितेवर उमटली आहे. गीतिकापादात एका प्राणात, म्हणजे चार सेकंदांत, एक कला एवढी गती सांगितली आहे. वर्तुळाच्या २१,६०० कला आणि नाक्षत्र दिनाचे २१,६०० प्राण, तेव्हा हा हिशेब दिवसाला एक फेरा असाच होतो. ही गती कोणाची? ब्रह्मगुप्ताने खंडनासाठी जो पाठ उद्धृत केला आहे त्यात 'भूः', म्हणजे पृथ्वी, असा शब्द आहे. नंतरच्या भाष्यपरंपरेत त्या जागी 'भम्', म्हणजे नक्षत्रमंडळ, असा पाठ आढळतो. छंद बिघडत नाही, आकडा बदलत नाही, एका स्वराच्या जागी दुसरा येतो आणि पृथ्वी थांबून आकाश फिरू लागते. प्रतिपक्षाने खंडनासाठी घेतलेला उतारा मूळ पाठाचा सर्वांत विश्वसनीय साक्षीदार ठरावा, आणि अनुयायांच्या हातून तो पाठ बदलावा, अशी उदाहरणे पाठचिकित्सेच्या अभ्यासकांना अपरिचित नाहीत. या बदलामागे कपट होते असे मानण्याचे कारण नाही. गुरूच्या नावावर उघड चूक राहू नये, या सद्भावनेनेही असे घडते. केरळातील परमेश्वराने 'भटदीपिका' या टीकेत पृथ्वी परमार्थतः स्थिरच आहे, असा स्पष्ट निर्वाळा दिला आहे.

एकोणिसाव्या शतकात हा ग्रंथ जवळजवळ अज्ञात झाला होता. १८१७ मध्ये कोलब्रुक यांनी आर्यभटाची मते सांगितली ती मुख्यतः इतरांच्या अवतरणांवरून. महाराष्ट्राचा या कथेशी संबंध येथे येतो. १८३६ मध्ये सीहोर येथील सुबाजी बापू यांनी मराठीत 'सिद्धान्तशिरोमणिप्रकाश' लिहून पुराणे, सिद्धान्त आणि कोपर्निकसचे मत यांची तुलना केली होती. परंतु त्यांच्यासमोर भारतीय सिद्धान्ताचा प्रतिनिधी म्हणून भास्कराचार्य होते, म्हणजे स्थिर पृथ्वी होती. मुंबईचे डॉ. भाऊ दाजी लाड यांनी आर्यभटीयाची हस्तलिखिते मिळविली आणि १८६५ मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात आर्यभट, वराहमिहिर, ब्रह्मगुप्त, भटोत्पल आणि भास्कराचार्य यांचा काळ व ग्रंथप्रामाण्य यांविषयी निबंध प्रसिद्ध केला. दोन भिन्न आर्यभटांचा घोळ सुटण्यास त्यामुळे मोठीच मदत झाली. १८७४ मध्ये लायडन येथे हेन्द्रिक केर्न यांनी ग्रंथ प्रथम छापला, तोही परमेश्वराच्या 'भटदीपिके'सह. फिरणारी पृथ्वी सांगणारा ग्रंथ अशा रीतीने ती स्थिर आहे म्हणणाऱ्या टीकेच्या सोबतीने मुद्रित जगात आला.

शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'भारतीय ज्योतिषशास्त्र'विषयक आपल्या मराठी इतिहासग्रंथात आर्यभटाच्या दैनंदिन भ्रमणाच्या मताची दखल घेतली, आणि मराठी वाचकाला हा वाद आपल्या भाषेत प्रथमच सविस्तर उपलब्ध झाला. विसाव्या शतकातील संशोधकांनी ब्रह्मगुप्ताच्या उताऱ्याच्या बळावर 'भूः' हाच मूळ पाठ मानण्याकडे कौल दिला. ज्या ब्रह्मगुप्ताने तो शब्द खोडून काढण्यासाठी लिहून घेतला होता, त्याच्याच ग्रंथातून तो परत आला.